मृतांचं गाणं: पिकासोच्या लाल रेघा आणि एका कवीचं हस्ताक्षर

अनवट_रेघ

पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या काठावर जुनी छापचित्रं विकणारी दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानाच्या भिंतीवर एक जोडपान फ्रेम करून लावलं होतं. हा धागा त्या पानाबद्दल आहे. (किंमत विचारली होती. मग हवापाण्याच्या गप्पा मारल्या.)

पानावर हाताने लिहिलेली फ्रेंच कविता आहे, काळ्या शाईत. अक्षर मोठं, गोलसर, घाई नसलेलं, पण शाळेतल्या कित्त्यासारखंही नाही. ओळी वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होतात, मध्येच मोकळी जागा सुटते. आणि डावीकडच्या समासातून एक जाड लाल रेघ खाली उतरते, तळाशी वळते आणि एका गोल ठिपक्यात संपते. तिला दोन आडवे फाटे आहेत, त्यांच्याही टोकांना ठिपके. बस. माणूस नाही, कबुतर नाही, बैल नाही.

हे पिकासोचं काम आहे यावर माझा पटकन विश्वास बसला नाही. पुस्तकाचं नाव 'ल शां दे मॉर', म्हणजे 'मृतांचं गाणं'. कवी पिएर रेव्हर्दी. प्रकाशक तेरियाद, साल १९४८, पॅरिस. लिथोग्राफ (सपाट दगडावरून छापायच्या पद्धतीची छापचित्रं) छापले मूर्लो यांच्या छापखान्यात. प्रती २५०, शिवाय विक्रीसाठी नसलेल्या थोड्या. पिकासोचे लिथोग्राफ सव्वाशेच्या आसपास. एका पुस्तकात एवढी चित्रं, आणि सगळी याच लाल रंगात, याच रेघा-ठिपक्यांच्या भाषेत.

रेव्हर्दी (१८८९–१९६०) हा पिकासोचा जुना मित्र. क्यूबिझमच्या, म्हणजे वस्तू तुकड्यांत आणि कोनांत मोडून रंगवण्याच्या त्या दिवसांत तो पॅरिसमध्ये 'नॉर-सूद' नावाचं मासिक काढायचा. पुढे १९२६ मध्ये शहर सोडून सोलेम या मठाच्या गावी जाऊन राहिला. या कविता दुसरं महायुद्ध संपत असतानाच्या. नाव वाचूनच लक्षात येतं की प्रकरण आनंदी नाही.

आता मला जे म्हणायचंय ते. सचित्र कवितासंग्रहात बहुतेक वेळा कवितेत झाड आलं की शेजारी झाडाचं चित्र येतं. नाहीतर मग चित्रकार एवढा मोठा असतो की कविता तोंडी लावण्यापुरती उरते. इथे दोन्ही झालेलं नाही. लाल रेघ कवितेचा अर्थ सांगत नाही. ती अक्षरांच्या भोवतीने जाते, समासात थांबते, कधी दोन ओळींच्या मधल्या पांढऱ्यात शिरते. आणि मजा अशी की त्या लाल रेघेच्या शेजारी ठेवल्यावर रेव्हर्दीचं हस्ताक्षर चित्रासारखं दिसायला लागतं. मला फ्रेंच जेमतेम येतं. कदाचित म्हणूनच मी शब्द वाचायच्या आधी वेलांट्या पाहिल्या.

छापील टाइपात हीच कविता असती तर लाल रेघ टाइपावर चढून बसली असती असं मला वाटतं. टाइपाला हाताचा वेग नसतो. इथे दोन हात आहेत, दोघांचा वेग वेगळा, आणि पिकासोसारखा माणूस दुसऱ्याच्या हातासाठी जागा सोडतोय. याला मी या पानाचं शांतपण म्हणतो. रंग भडक आहे, पण आवाज वर गेलेला नाही.

कुणी हे पुस्तक पाहिलंय का? लिथोग्राफीचं तंत्र जाणणारं कुणी असेल तर जरूर लिहा.

पुणेरी_चष्मा

लेखन नेहमीप्रमाणे वाचनीय. पण एक प्रामाणिक शंका. ठिपके आणि दांड्या कुणीही काढेल. खाली पिकासो हे नाव नसतं तर तुम्ही त्या दुकानात थांबला असता का? चित्र 'काही दाखवत नाही' हा गुण कधीपासून झाला?

(आमच्या पिंट्याने भिंतीवर हेच केलं होतं. त्याला धपाटा मिळाला.)

अनवट_रेघ

चष्मेकाका, नाव नंतर कळलं, पानापाशी आधी थांबलो होतो. पण ते सोडा, तुम्ही काही मानणार नाही. :)

'काही दाखवत नाही' या मुद्द्यावर मात्र खुद्द रेव्हर्दीकडेच उत्तर आहे. १९१८ साली त्याने 'नॉर-सूद'मध्ये काव्यप्रतिमेबद्दल एक छोटं टिपण लिहिलं होतं. मतितार्थ असा, की प्रतिमा उपमेतून जन्मत नाही. एकमेकांपासून लांबच्या दोन गोष्टी जवळ आणल्या की ती जन्मते. त्या जेवढ्या लांबच्या, आणि त्यांचं नातं जेवढं नेमकं, तेवढी प्रतिमा जोरकस. हे टिपण पुढे सर्रिअलिस्टांनी, म्हणजे स्वप्नं आणि अबोध मनातून कला काढणाऱ्यांनी, डोक्यावर घेतलं.

तीस वर्षांनी त्याच्याच पुस्तकात तेच घडलंय. कवितेपासून लांबची एक रेघ कवितेच्या शेजारी आणून ठेवली आहे. ती कवितेतलं झाड दाखवत बसली असती तर रेव्हर्दीच्याच हिशोबाने ती कमजोर ठरली असती. आता नातं नेमकं आहे का, यावर आपण भांडू शकतो.

आणि रेव्हर्दी हा कवितेत विरामचिन्हं जवळपास सोडून दिलेला कवी. त्याच्या ओळींना पूर्णविराम, स्वल्पविराम नाहीत, नुसत्या मोकळ्या जागा आहेत. ते लाल ठिपके बघताना माझ्या मनात सारखं येत होतं की कवीने टाकलेली चिन्हं चित्रकाराने उचलून समासात ठेवलीत की काय. पुरावा शून्य. पण एकदा असं दिसलं की मग दिसतच राहतं.

काळाकातळ

तंत्राबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. मुद्राचित्रण शिकलोय, अजून अधूनमधून दगड घासतो. लांबलचक होईल, कंटाळा आला तर पुढे जा.

लिथोग्राफीत काहीही कोरत नाहीत. लोकांचा इथेच गोंधळ होतो. लाकडी ठशात उंच भाग छापतो, एचिंगमध्ये (म्हणजे ॲसिडने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापताना) खोल भाग छापतो. लिथोत दगड सपाटच राहतो. सगळा खेळ तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत यावर. चुनखडीचा दगड लागतो, तोही बारीक पोताचा. जगभर नाव आहे ते बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या दगडाचं. आधी दोन दगड समोरासमोर ठेवून मध्ये वाळू किंवा कार्बोरंडम आणि पाणी घालून घासायचे, म्हणजे आधीचं चित्र जातं आणि नवा दाणा येतो. त्या दगडावर मेणचट क्रेयॉनने किंवा टश नावाच्या चरबीयुक्त शाईने चित्र काढायचं. मग डिंकाच्या पाण्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून ते वरून लावायचं. त्यामुळे चित्राच्या जागा तेल धरतात, बाकीच्या जागा पाणी धरतात. स्पंजाने दगड ओला ठेवायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. शाई फक्त चित्रावर बसते. दगड सुकू दिलात की काम गेलं, सगळं पान काळं.

आता या पुस्तकाशी संबंध. कोरलेलं काही नसल्यामुळे लिथोची शाई कागदावर अगदी सपाट बसते. एचिंगची रेघ बोटाला लागते, कागदावर प्लेटच्या कडेची खूण उमटते. खिळ्यांची (म्हणजे शिशाच्या टाइपांची) छपाई कागदात रुतते, पान उलटवलं की मागून उठाव दिसतो. लिथोत यातलं काही नाही. म्हणजे रेव्हर्दीचं काळं अक्षर आणि पिकासोचा लाल एकाच पातळीवर आहेत, कुणीही वर नाही, कुणीही खाली नाही. अनवटराव ज्याला शांतपण म्हणतायत त्यातला मोठा वाटा या सपाटीचा आहे असं माझं मत. हीच कविता खिळ्यांनी छापून शेजारी लिथो घातला असता, तर दोन वेगळ्या पोतांची भांडणं लागली असती. तसली पुस्तकं भरपूर आहेत, आणि त्यातली बरीचशी मला बघवत नाहीत.

दुसरं, अक्षर उलटं कसं लिहितात? दगडावरची छाप आरशातल्यासारखी उलटी येते. सहीच्या बाबतीत नवशिक्यांची फजिती होते ती यामुळेच. त्यावर जुना उपाय म्हणजे ट्रान्सफर पेपर. खास लेप दिलेल्या कागदावर चरबीच्या शाईने सुलटं लिहायचं, तो कागद दगडावर दाबायचा, लिखाण दगडावर उलटं उतरतं आणि छापताना परत सुलटं होतं.

तिसरं, मूर्लो. पिकासो त्यांच्या र्‍यू द शाब्रोलच्या छापखान्यात १९४५ च्या नोव्हेंबरात जायला लागला. त्याच हिवाळ्यातली त्याची बैलाची मालिका प्रसिद्ध आहे, ११ अवस्थांची. पहिला बैल मांसल, भरगच्च, आणि शेवटचा मोजक्या रेघांचा. ते काम बघितलं की दोन-तीन वर्षांनंतरच्या या लाल दांड्या आकाशातून पडल्या नाहीत हे कळतं. तो तेव्हा काय काय काढून टाकता येतं हेच शोधत होता.

तुळशीकट्टा

कातळदादा, प्रतिसाद कसला, वेगळा लेखच आहे हा. तो स्वतंत्र लिहा ना, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत!

मोडीवाली

अनवट_रेघ, छान धागा. जुन्या पोथ्यांचं थोडं काम करते, त्यामुळे माझ्या डोळ्यांना यात पोथीच दिसली. हस्तलिखित पोथीत मजकूर काळ्या शाईत आणि 'श्री', 'उवाच', ओव्यांचे आकडे, अध्यायसमाप्ती हे हिंगुळाच्या लाल शाईत. समासाला लाल उभ्या रेघा. लाल रंग तिथे वाट दाखवायला असतो: इथे थांबा, इथून नवीन सुरू. त्यात पानंही सुटी, शिवलेली नाहीत. हे पुस्तकसुद्धा सुट्या पानांचं आहे ना? नाहीतर जोडपान फ्रेममध्ये कसं जाईल?

घाटावरचा

आलंच! आता पिकासोने पैठणला येऊन पोथी बघितली होती असंही कुणीतरी सिद्ध करणार. 😀

मोडीवाली

घाटावरचे, असं कुठे म्हटलंय मी? नीट वाचा की. युरोपातल्या मठांतही लाल शाईने मथळे आणि पहिलं अक्षर रंगवायची मोठी परंपरा होती. पिकासोला ती घरचीच. मध्ययुगीन हस्तलिखितांशी या पुस्तकाची तुलना तिकडच्या समीक्षकांनी केलेलीच आहे. मी फक्त एवढंच म्हणतेय की पोथी पाहिलेल्या माणसाला हे पान परकं वाटत नाही.

आणि लिथोचं म्हणाल तर आपला संबंध ओढूनताणून आणलेला नाही, चांगला जुना आहे. गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर, म्हणजे लिथोवरच, पंचांग छापलं ते १८३१ साली. देवनागरीचे खिळे पाडणं म्हणजे जोडाक्षरं, मात्रा, रफार यांची कटकट. शिळाछापात लेखकाने सुरेख अक्षरात लिहून दिलं की तेच छापलं जायचं, म्हणून आपल्याकडच्या छापील पोथ्यांत लिहिणाऱ्याचा हात दिसतो. कातळदादा म्हणतात ती सुलटं लिहून दगडावर उतरवायची युक्ती आपल्याकडच्या छापखान्यांनीही वापरली. फरक एवढाच की आपल्याकडे ती सोयीची गोष्ट होती, आणि १९४८ च्या पॅरिसमध्ये ती शोभेची. खिळे हाताशी असताना मुद्दाम हस्ताक्षर निवडलं.

अनवट_रेघ

मोडीवाली ताई, हो, पानं सुटी, घड्या घालून वेष्टनात ठेवलेली. एकेक पान साधारण ४२ बाय ३२ सेंटीमीटर. आणि तुमचं ते शेवटचं वाक्य मला फार आवडलं.

त्यात भर घालतो. लिथोग्राफीचा जन्मच मुळी हस्ताक्षरातून झाला. म्युनिकचा आलोइस झेनेफेल्डर हा नाटककार, स्वतःची नाटकं स्वस्तात छापायची म्हणून धडपडत होता. त्याने स्वतःच सांगितलेली हकीकत अशी, की धुवायला द्यायच्या कपड्यांची यादी करायची होती, कागद हाताशी नव्हता, म्हणून त्याने ती आपल्या मेणाच्या शाईने दगडावरच लिहिली. ही १७९० च्या दशकातली गोष्ट. मग त्या दगडावर ॲसिड घालून पाहिलं, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत खरी सपाट लिथोग्राफी हाती लागली.

सातासमुद्रापार

वाचतेय. एक प्रश्न. नाव 'मृतांचं गाणं', काळ महायुद्धाचा, रंग लाल. मग हे रक्त नाही का? तुम्ही 'शांत' म्हणताय, मला फोटोत बघतानाच अंगावर आलं. ते ठिपकेवाले दांडे मला सरळ हाडं वाटली, दोन्ही टोकांना फुगलेली.

काळाकातळ

हाडं असं अनेकांना वाटतं, त्यात गैर काही नाही. पण ठिपके-रेघांचं हे खूळ पिकासोचं बरंच जुनं. १९२४ च्या उन्हाळ्यात त्याने वह्यांची पानंच्या पानं ठिपके आणि ते जोडणाऱ्या रेघांनी भरली होती. त्यातली काही १९३१ मध्ये व्होलार या प्रकाशकाने काढलेल्या बाल्झाकच्या पुस्तकात लाकडी ठशातून छापलीसुद्धा. तेव्हा ना युद्ध होतं ना मृत. फरक जाडीत आहे. १९२४ ची रेघ टाकाची आणि बारीक, १९४८ ची ब्रशची आणि सढळ. ब्रश जिथे थांबला तिथे रंग साचून गोल झालाय. ते ठिपके वेगळे काढलेले नसून हाताचा विसावा आहेत, निदान बऱ्याच ठिकाणी.

अनवट_रेघ

सातासमुद्रापार, तुमचा मुद्दा मी झटकणार नाही. रक्त आठवणारच. पण एक गंमत बघा. पिकासोचंच 'गेर्निका' १९३७ चं, गावावर बॉम्ब पडल्याचं चित्र, त्यात लाल कुठेच नाही. सगळं काळं, पांढरं, करडं. जिथे रक्त सांगायचं होतं तिथे त्याने लाल टाळला. मग इथे लाल म्हणजे रक्तच, असं मला सरळ म्हणवत नाही. मला तो सजावटीच्या जास्त जवळचा वाटतो, आणि सजावट हा शब्द मी कमीपणाने वापरत नाहीये. मेलेल्यांवरच्या कवितेचा समास कुणीतरी इतक्या मायेने सजवावा, यात जे आहे ते मला रक्तापेक्षा जड वाटतं.

सातासमुद्रापार

हं. पटलं नाही पूर्ण. हाडंच आहेत ती. पण सजवलेली हाडं म्हणा हवं तर.

पुणेरी_चष्मा

वा, हे बरंय. एकजण हाडं म्हणतो, एकीला पोथी दिसते, एकाला पूर्णविराम. म्हणजे काहीच नसलं की प्रत्येकाने आपापलं भरायचं!

तुळशीकट्टा

चष्मेकाका, गायतोंडेंच्या अमूर्त चित्रांपुढे पण हेच म्हणता का तुम्ही? (योगायोग म्हणजे गायतोंडेंनी मुंबईच्या जेजे कलाशाळेतून पदविका घेतली तीही १९४८ सालीच. मला उगाच लक्षात राहिलंय.) आणि इथे 'काहीच नाही' कसं? सबंध कविता आहे की पानावर. रिकामं पान नाहीये ते.

मला खरं तर चित्रकार मातिसच्या 'जाझ' या पुस्तकाशी तुलना करावीशी वाटते. तेही तेरियादनेच काढलं, एकच वर्ष आधी, १९४७ मध्ये, आणि तिथेही हस्ताक्षर. पण तिथे अक्षर मातिसचं स्वतःचं. रंगीत कापलेल्या कागदांच्या चित्रांमध्ये डोळ्यांना उसंत म्हणून त्याने ते घातलं, मजकुराचं काम निव्वळ दिसण्याचं आहे असं त्याने त्यातच लिहून ठेवलंय. (चित्रं लिथो नाहीत, स्टेन्सिलमधून रंगवलेली.) म्हणजे 'जाझ'मध्ये चित्र यजमान, अक्षर पाहुणं. इथे उलट. कविता आधीपासून घरात राहतेय, पिकासो नंतर आलाय आणि बसायला कोपरा शोधतोय.

अनवट_रेघ

तुळशीकट्टा, अगदी. 'जाझ' बघून मी खूश होतो, पण त्यातला मजकूर वाचायची मला कधी गरज वाटली नाही. या पानाने मला घरी येऊन फ्रेंच कोश उघडायला लावला. चित्रकाराने कवीला दिलेली याहून मोठी दाद कुठली, मला माहीत नाही. आणि तेरियाद हा माणूस स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे. लेस्बॉस बेटावर जन्मलेला ग्रीक, पॅरिसमध्ये येऊन 'व्हेर्व' मासिक काढलं, पिकासो, मातिस, लेजे, शागाल या सगळ्यांकडून पुस्तकं करून घेतली.

घाटावरचा

थट्टा बाजूला. एक खटकतं ते सांगतो. २५० प्रतींचं पुस्तक, आणि दुकानदार पानं सुटी करून फ्रेममध्ये घालून विकतात. पूर्ण पुस्तकापेक्षा सुट्या पानांतून पैसे जास्त सुटतात, एवढंच कारण. अशाने एकेक प्रत कायमची संपते. तुम्हाला पान आवडलं हे ठीक, पण ते भिंतीवर यायला एक पुस्तक मेलंय.

मोडीवाली

+१. आपल्या सचित्र पोथ्यांचं हेच झालं. चित्रवाली पानं संग्राहकांकडे, मजकुराची रद्दीत. शेवटची दोन पानं गेली की लिहिणाऱ्याचं नाव आणि शक दोन्ही गेले.

काळाकातळ

सहमत. आणि या पुस्तकात नुकसान दुप्पट. सुट्या पानात एक रेघ दिसते. सबंध पुस्तक उलटताना ती रेघ कशी वाढते, कुठे अख्खं पान व्यापते, कुठे एखाद्या खुणेपुरती उरते, ते कळतं. ती चाल एका पानात येत नाही.

सातासमुद्रापार

मग पूर्ण पुस्तक बघायचं कुठे?

अनवट_रेघ

घाटावरचे, तुमचं खरं आहे, माझ्याकडे त्यावर उत्तर नाही.

सातासमुद्रापार, तेरियादच्या नावाचं संग्रहालय त्याच्या जन्मगावाजवळ, लेस्बॉसवर मितिलीनीच्या बाहेर वारिया नावाच्या वस्तीत आहे, १९७९ मध्ये उघडलेलं. त्याची पुस्तकं तिथे आहेत. न्यूयॉर्कच्या मोमासारख्या मोठ्या संग्रहालयांकडेही हे पुस्तक आहे. शिवाय बऱ्याच मोठ्या संग्रहालयांच्या छापचित्र विभागात आधी कळवून वेळ घेतली तर पुस्तक टेबलावर आणून दाखवतात. काचेआडून बघण्यापेक्षा ते हजारपट बरं. पानं उलटता येतात, निदान उलटलेली बघता येतात.

पुणेरी_चष्मा

एक व्यावहारिक प्रश्न कातळरावांना. समजा उद्या कुणी मला असलं पान खरा लिथोग्राफ म्हणून विकायला आला. तो पोस्टरसारखा छापलेला नाही हे कसं ओळखायचं?

काळाकातळ

भिंग घ्या, दहापटीचं पुरे. आजची ऑफसेटवरची रंगीत नक्कल असेल तर बहुतेक वेळा लाल रंग फुटून बारीक ठिपक्यांची जाळी दिसेल, फुलांच्या नक्षीसारखी. लिथोत लाल एकसंध दिसतो. कडेला ब्रशचे केस गेल्याच्या खुणा दिसतात, क्रेयॉन असेल तर दगडाचा दाणा, आणि तो दाणा कुठेही एका ओळीत बसत नाही. मग कागद उजेडात धरून जलचिन्ह आहे का बघा. सहीवर जाऊ नका, सही करणारे पुष्कळ आहेत.

पुणेरी_चष्मा

धन्यवाद. घेणार नाहीये. पण भिंग आहे घरात.